धुक्यातला देवगिरी

आमच्या कुंभार पिंपळगावाला डोंगर नाही. घनसावंगी तालुक्यातले हे बाजाराचे गाव. चहूबाजूंनी काळी राने, ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा आणि दक्षिणेला गोदावरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवले. ‘ड डोंगराचा’ शिकवायची वेळ आली की फळ्यावर खडूने एक त्रिकोण काढायचा आणि मुलांनी माना डोलवायच्या, एवढाच आमचा डोंगराशी संबंध. अशी मी, निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकटी देवगिरीचा डोंगर चढून आले. तेही अशा दिवशी की दहा पावलांपुढचे काही दिसत नव्हते. त्या दिवसाची ही हकीकत.

आधी दादांविषयी सांगितले पाहिजे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. मॅट्रिक होऊन ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेले. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या या महाविद्यालयाने मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला दिवा लावला, हे या पानांच्या वाचकांना मी सांगायला नको. दादांचे शिक्षण दोन वर्षांतच थांबले, कारण घरी खाणारी तोंडे सात होती. पण नागसेनवनातली ती दोन वर्षे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यात एक गोष्ट ठरलेली असे. एका रविवारी वसतिगृहातल्या मित्रांसह ते भाड्याच्या सायकली घेऊन दौलताबादला गेले. किल्ल्यात शिरले, खंदक ओलांडला आणि ‘अंधारी’ म्हणतात त्या भुयाराच्या तोंडातून दादा एकटेच परत फिरले. “आत पाय टाकला आन्‌ डोळं उघडं हाय का मिटल्यालं तेच कळंना,” असे सांगून ते स्वतःच मोठ्याने हसत. मित्र वर जाऊन आले, दादा पुलावर बसून राहिले. “तुला नेईन एकदा,” असे मला म्हणत. ते राहूनच गेले. २००९ साली दादा गेले.

दादांची आणखी एक सवय होती. घराबाहेर पडताना, मग ते शेजारच्या जांबेला जायचे असो की जालन्याला, पाणी बरोबर घेतल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. आधी फिरकीचा तांब्या होता, पुढे प्लॅस्टिकची बाटली आली. उन्हाळा असो, पावसाळा असो. लहानपणी आम्हाला त्याची लाज वाटे. एस.टी. स्टँडवर नळ असताना हा तांब्या कशाला? दादा एवढेच म्हणत, “पान्यासाठी कुनाचं तोंड बघायचं न्हाई.” आमची आजी निजामाच्या राज्यात वाढलेली. गावच्या आडावर तिने ओंजळ पसरून, वरून ओतलेले पाणी प्यायले होते. ते ती सहज सांगे, जशी एखादी बाई आपल्या माहेरच्या दुष्काळाची गोष्ट सांगते तशी.

जुलै २०२२ मध्ये आषाढी पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचे वाचन सुरू झाले. रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे पाठ होत. एके दिवशी पाठ संपल्यावर महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीने बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनातला मजकूर मराठीत सांगितला. १९०१ साली बाबासाहेब आणि घरातली इतर मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनावर उतरून रात्रभर बैलगाडीत होती. बरोबर जेवणाचा डबा होता, पण वाटेत कुणी पाणी दिले नाही, म्हणून ती अन्न असून उपाशी झोपली. मग दौलताबादच्या किल्ल्याचा १९३४ सालचा प्रसंग आला. मी तो पूर्वी वाचला नव्हता असे नाही. पण त्या दिवशी ऐकताना दादांचा फिरकीचा तांब्या डोळ्यांपुढे आला आणि रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून आईला म्हटले, “मी देवगिरीला जाऊन येते.”

आई ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, “वर्षावासात भिक्खूसुदिक एका जागी बसत्यात. अन्‌ तुला आत्ताच हिंडायचं सुचलं?” तिचे बरोबर होते. सोबतीला कुणी मिळते का तेही पाहिले. मुलगा पुण्याला नोकरीवर, वहिनींची लावणी चालू, शाळेतल्या मैत्रिणीचे गुडघे दुखणारे. शेवटी एकटीच जायचे ठरवले. पायांत कॅनव्हासचे बूट, पिशवीत छत्री, बॅटरी, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. आईला सांगितले की दुपारी दोन वाजता मी जिथे असेन तिथून मागे फिरेन आणि रात्री नऊच्या आत घरी येईन. एकट्याने डोंगरावर जाणाऱ्याने परतीची वेळ घरी सांगून जावी.

गुरुवारी पहाटे कुंभार पिंपळगावातून निघाले. घनसावंगी, अंबड, जालना, गाडी बदलून औरंगाबाद. आता त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. तेथून वेरूळकडे जाणारी एस.टी. पकडली. दौलताबाद तेथून सुमारे पंधरा किलोमीटर. आठ दिवसांपासून झड लागलेली. गाडीच्या काचा आतून-बाहेरून ओल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, “बाई, किल्ला आला.” मी बाहेर पाहिले तर किल्ला नव्हताच. तटाची भिंत होती, भिजलेली चिंच होती, आणि जिथे डोंगर असायला हवा तिथे पांढरे आभाळ खाली उतरलेले होते.

तिकीट काढले. तिथला रखवालदार म्हणाला, “वर काहीच दिसणार नाही बाई. उन्हाळ्यात या.” मी म्हटले, “चढता तर येईल ना?” तो हसला आणि म्हणाला, “पायऱ्या सोडू नका.”

दारापाशी मी बराच वेळ उभी राहिले. १९३४ साली बाबासाहेब इथे आले, तेव्हा पावसाळा नव्हता. त्यांनी धुळीचे वर्णन केले आहे. बरोबर चळवळीतले तीसएक सहकारी. नाशिकहून सगळे निघाले होते. पुढच्याच वर्षी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती, वाटेत हा किल्ला. अस्पृश्य प्रवाशाला आडगावी जो त्रास होतो तो टाळावा म्हणून त्यांनी दौऱ्याची वाच्यता मुद्दाम केली नव्हती. दौलताबादच्या आपल्या लोकांनी चहासाठी थांबवले, पण दिवस मावळण्यापूर्वी किल्ला पाहून घ्यावा म्हणून ते थांबले नाहीत. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला छोटा हौद होता, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. काहींनी त्या पाण्याने हातपाय आणि तोंडे धुतली. रमजानचा महिना होता. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत मागून आला की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्यागाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की हेच तुमचा धर्म शिकवतो का, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या पाण्यापासून अडवाल का? यावर गर्दी गप्प झाली. शेवटी पहारेकऱ्याने वरिष्ठांना विचारून परवानगी आणली: किल्ला पाहा, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. तो हुकूम मोडला जाऊ नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई त्यांच्याबरोबर दिला.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी. त्यानंतर सात वर्षांनी, विलायतेहून बॅरिस्टर आणि डॉक्टर होऊन आलेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला हा माणूस, आणि त्याच्या मागे पाण्यासाठी शिपाई! हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच, असा निष्कर्ष त्यांनी या प्रसंगावरून नोंदवला आहे. त्याच आत्मकथनात बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्याचीही हकीकत आहे. म्हणजे प्रश्न एका धर्माच्या लोकांचा नव्हता. या मातीत जो राहिला त्याच्या अंगाला हा रोग लागला. बाबासाहेब वर माथ्यापर्यंत गेले की नाही हे त्यांनी लिहिलेले नाही. हकीकत त्या शिपायापाशीच थांबते. तो छोटा हौद नेमका कुठे होता हे दाखवणारा कुणी मला त्या दिवशी भेटला नाही. पिशवीतल्या बाटल्या चाचपल्या आणि आत गेले.

खालचा भाग सपाट आहे आणि तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण धुक्यात प्रत्येक वस्तू एकदम अंगावर येते. बारा-तेरा शतकांतल्या यादवांची ही राजधानी. पायऱ्या-पायऱ्यांचा प्रचंड हत्ती हौद. त्याच्या पलीकडे १३१८ साली बांधलेली मशीद. तिच्यातले कितीतरी खांब आधीच्या देवळांचे, आणि निजामाचे राज्य गेल्यानंतर तिथे भारतमातेची मूर्ती बसवलेली. समोर बहामनी काळातला चांद मिनार. तो सुमारे ६३ मीटर उंच असल्याचे वाचले होते. मला त्याचा खालचा तिसरा हिस्सा दिसला, वरचा ढगात होता. त्यापुढे चिनी महाल, जिथे गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह औरंगजेबाच्या कैदेत होता. मग बुरुजावरची मेंढा तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे तोंड आहे म्हणून हे नाव. पावसाचे थेंब त्या मेंढ्याच्या शिंगांवरून टपटपत होते. एरवी इथे पर्यटकांची रीघ असते म्हणतात. त्या दिवशी एक कुत्रे आणि मी.

खरा डोंगर खंदकापासून सुरू होतो. पायथ्यापासून सुमारे दोनशे मीटर उंचीचा हा सुळका. त्याचा खालचा कडा चहूबाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केला आहे आणि भोवती काळ्या कातळात खोल खंदक खोदला आहे. छिन्नी-हातोड्याने कातळ तासायचा म्हणजे काय, हे आमच्याकडे विहीर खोदणाऱ्याला विचारा. राजांची नावे पाठ्यपुस्तकांत आहेत आणि मीच ती मुलांकडून पाठ करून घेतली आहेत. भिल्लम, सिंघण, रामदेवराव. कडा तासणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला कधी शिकवता आले नाही.

एवढा अभेद्य गड, पण तो पडला पोटाने. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा घाईघाईने किल्ल्यात पोती भरली, आणि वेढा पडल्यावर ती उघडली तर धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत जुन्या बखरकारांनी दिली आहे. खरे-खोटे त्यांना ठाऊक. पण न पाहता पोते उचलणे किती महागात पडते, हे घर चालवणारी कोणतीही बाई सांगेल.

पुलावर दादांची आठवण आली. तो पूल, पलीकडे दगडात एक काळा चौकोन. अंधारी. ती कशासाठी होती ते ऐकून ठेवले होते. शत्रू पूल ओलांडून आला तरी या भुयारातून वर चढल्याशिवाय त्याला वाट नाही. आत मिट्ट काळोख, वळणे, मुद्दाम लहान-मोठ्या केलेल्या पायऱ्या, म्हणजे पाय सरावत नाही. खोटी वाट थेट खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण, त्यावर विस्तव पेटवून धूर आत सोडायचा. शत्रूने आपल्याच माणसाला शत्रू समजून कापावे, अशी सोय.

मी बॅटरी लावली आणि आत गेले. वाचकहो, खोटे बोलणार नाही, दहा पायऱ्यांतच मलाही परत फिरावेसे वाटले. उजेडाचा एक लहान गोल पायांपुढे, बाकी काही नाही. वटवाघळांचा उग्र वास. डोक्यावर पंखांची फडफड. बाहेरचे धुके निदान पांढरे होते. डावा हात भिंतीला लावला, उजव्या हातात बॅटरी. एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. मोठ्याने पायऱ्या मोजू लागले, शाळेत पाढे म्हणवून घ्यायचे तशा. एका वळणावर आकडा चुकला, पुन्हा एकपासून सुरू केले. थोड्या वेळाने वरून राखी उजेड आला. बाहेर पडले तेव्हा पाय लटपटत होते आणि मी एकटीच हसत होते. दादा पुलावर बसून कसे हसले असतील तशी.

अंधारीनंतर उघड्यावरच्या पायऱ्या. खालून पाहणाऱ्याला जो ढग दिसतो तोच आत शिरणाऱ्याला धुके. पावसाळी वारा ओल घेऊन येतो, डोंगराला धडकून वर चढतो, गार होतो आणि ओलीचे बारीक थेंब होतात. हे मी सातवीच्या मुलांना शिकवले होते. त्या थेंबांतून चालताना चष्मा दर दोन मिनिटांनी पुसावा लागतो हे पुस्तकात नव्हते. शेवटी चष्मा काढून पिशवीत टाकला. तसेही पाहायला काय होते? पुढच्या चार-पाच पायऱ्या, त्यांवरचे हिरवे शेवाळ, बाजूला गवत. कुठून तरी पाणी वाहण्याचा आवाज. धुक्यात कान डोळ्यांचे काम करू लागतात. गणपतीचे छोटे देऊळ आले ते आधी घंटेवर पडणाऱ्या थेंबांवरून कळले.

दोन वेळा वाट चुकल्यासारखे वाटले. एकदा पायऱ्या संपून सपाट कातळ लागला आणि पुढे कुठे जायचे ते समजेना. अशा वेळी शोधत पुढे जाऊ नये. मी शेवटच्या पायरीपाशी परत आले, उभी राहिले. वाऱ्याने धुके क्षणभर विरळ झाले, तेवढ्यात डाव्या हाताला पुढची पायरी दिसली. कड्याच्या बाजूला गेले असते तर कड्याने काही सांगितले नसते. ज्या कुणा भगिनीला पावसात जावेसे वाटेल तिला एवढेच सांगते: पायरी हीच वाट. फुलासाठी, फोटोसाठी किंवा आडोशासाठी ती सोडू नका.

बारादरी आली. शाहजहानच्या काळातली ही कमानींची इमारत. इथून सगळा मुलूख दिसतो म्हणतात. मला कमानीत उभी पांढरी चादर दिसली, प्रत्येक कमानीत एकेक. तिथे वळचणीला बसून भाकरी खाल्ली, पहिली बाटली संपवली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटे झाली होती. अजून वेळ होता, म्हणून पुढे निघाले.

अगदी वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे. हे स्वामी या किल्ल्याचे किल्लेदार आणि पैठणच्या एकनाथांचे गुरू. एकनाथ लहान वयात पैठणहून इथे आले आणि इथेच शिकले. एकनाथांनी वाळवंटात तळमळणारे महाराचे पोर कडेवर घेतले, ही गोष्ट आम्हाला शाळेत होती आणि मीही ती शिकवली. पण गांधीजींना दिलेल्या उत्तरात बाबासाहेबांनी संतांविषयी जे लिहिले ते नोकरीत असताना वर्गात कधी सांगितले नाही. देवापुढे सगळी माणसे सारखी असे संत म्हणाले, माणूस माणसासारखा असे म्हणाले नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. पाठ्यक्रमात नव्हते हे खरे. पण मी भ्याले हेही खरे.

तिथे आडोशाला उभी होते तोच धुक्यातून आवाज आला, “कोन हाय?”

“मी आहे बाबा. एकटीच.”

एक म्हातारा आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. धोतर भिजून पायांना चिकटलेले, डोक्यावर प्लॅस्टिकचे पोते. गुरुवार म्हणून स्वामींच्या दर्शनाला आलेले. गावची पोरे मोबाइलच्या उजेडात त्यांना वर घेऊन आली आणि पुढे उतरून गेली. तो माझ्यापासून पाच-सहा हातांवर होता, तरी चेहरा नीट दिसत नव्हता.

“माय, पानी हाय का? लेकराला ठसका लागलाय.”

मी दुसरी बाटली काढून दिली. मुलाने तोंड लावून गटागट पाणी प्यायले आणि खोकला थांबला.

“कोन्या गावच्या म्हनायच्या?”

“कुंभार पिंपळगाव.”

“म्हंजी समर्थाच्या जांबाजवळचं. मास्तरीन हाव का?”

“होते. आता निवृत्त झाले.”

“आडनाव काय म्हनलं?”

मी सांगितले. आमच्या आडनावातून दुसरा अर्थ निघत नाही. ऐकणाऱ्याला आळी, विहार, सगळे कळते. तो “हां” म्हणाला. धुक्यात त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मला दिसले नाही. तीस वर्षे ते चेहरे मी पाहिले आहेत, नवीन शाळेत रुजू झाल्यावर, भाड्याची खोली पाहताना, हळदीकुंकवाच्या दारात. एका क्षणात पुसले जाणारे काहीतरी असते. त्या दिवशी मात्र समोर नुसता पांढरा पडदा.

मुलाने बाटली परत दिली. मी ती म्हाताऱ्यापुढे केली. “तुम्हीही घ्या बाबा.”

“ऱ्हाऊ द्या माय. तहान न्हाई.”

सकाळपासून चढून आलेला माणूस. पण हवाही गार होती, पाऊस होता. तहान नसेलही. मी बाटलीचे झाकण लावले.

दोन वाजायला आले तसा पाऊस वाढला. मी उतरायला निघाले. तो मागून म्हणाला, “बॅटरी हाय का तुमच्यापाशी? ते भुयार लई अवघड हाय.” मी म्हटले, “चला की बरोबर.” उतरताना मुलगा माझे बोट धरून होता. चढण्यापेक्षा उतरणे जास्त धोक्याचे, ओली पायरी खालच्या बाजूने निसटते. आम्ही आडवे पाय टाकत, थांबत थांबत आलो. बोलणे फारसे झाले नाही. कपाशीला पाणी जास्त झाले एवढे तो म्हणाला, आणि आमच्याकडे ऊस कसा आहे ते त्याने विचारले.

अंधारीत मी पुढे, मुलगा मध्ये. बॅटरी क्षीण झाली होती. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर म्हाताऱ्याचा पाय चुकला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याने काढला नाही. पूर्ण भुयारभर, वळणे, वटवाघळे, लहान-मोठ्या पायऱ्या, सगळे पार होईपर्यंत तो जड, ओला हात माझ्या खांद्यावर होता. कातळातला गारवा आणि तेवढीच ऊब. पुलावरच्या उजेडात आलो तेव्हा तो हात गेला. कधी गेला ते कळले नाही.

दाराशी त्यांची पोरे चहाच्या टपरीवर उभी होती. मुलगा पळतच गेला. म्हाताऱ्याने मागे वळून हात जोडले. “चलतो माय. सांभाळून जा.” मीही हात जोडले.

परतीच्या गाडीत खिडकी पुसून मागे पाहिले. किल्ला नव्हताच. सकाळी नव्हता तसाच. वेरूळचे सुतार लेणे पाहायचे राहिले, ते उन्हाळ्यात पाहीन. जालन्याला गाडी चुकली. दुसरी मिळाली ती अंबडला पाऊण तास उभी राहिली. घरी पोचायला साडेनऊ झाले. वहिनी दारातच होत्या. आई जागी होती.

आधी तिने बूट काढायला लावले, मग विचारले, “वरून काय दिसलं?”

“काही नाही. धुईच धुई होती.”

“अंधारीतून गेलीस?”

“गेले. आलेही.”

ती गालातल्या गालात हसली. दादांच्या फोटोकडे पाहिले की भिंतीकडे, कळले नाही. मग मी तिला म्हाताऱ्याचे सांगितले, पाण्याचे आणि खांद्यावरच्या हाताचे.

“मंग पानी प्याला का न्हाई शेवटी?”

“नाही. तहान नाही म्हणाला.”

“नसंल तहान,” आई म्हणाली. तिने पिशवीतली बाटली काढली, उरलेले पाणी दारातल्या कढीपत्त्याच्या बुंध्यात ओतले, बाटली विसळली आणि सकाळसाठी पालथी घातली.